डाळिंबी हंगाम

तोरिनो फुटबॉल क्लबची स्थापना ३ डिसेंबर १९०६ रोजी इटलीतल्या तुरिन शहरात, व्हिया पिएत्रो मिक्का या रस्त्यावरच्या एका बिअरगृहात झाली. जमलेल्यांपैकी काही जण जुन्या तोरिनेसे क्लबचे होते आणि काही युव्हेंटसमधून फुटून आलेले. पुढाकार आल्फ्रेड डिक या स्विस उद्योजकाचा. डिक त्याआधी युव्हेंटसचा अध्यक्ष होता; तिथल्या मंडळींशी बिनसले तेव्हा आपल्या माणसांना घेऊन तो बाहेर पडला. म्हणजे भाऊबंदकी जन्मापासूनच आली. पुढच्याच महिन्यात, १३ जानेवारी १९०७ रोजी, दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले आणि तोरिनोने २-१ असा विजय मिळवला. जर्सीसाठी गडद डाळिंबी रंग ठरला. तो रंग इतका अंगभूत झाला की क्लबचे खेळाडू, चाहते, वृत्ती, सगळ्याला मिळून इटलीत आजही ‘ग्रानाता’, म्हणजे डाळिंबीच म्हणतात.

क्लबचा इतिहास हंगामवार मांडायची पद्धत सगळीकडे एकच असते: साल, साखळीतले स्थान, चषकातली मजल, सर्वाधिक गोल कोणाचे. बहुतेक क्लबांच्या बाबतीत एवढ्याने भागते. तोरिनोच्या यादीत मात्र ओळीमागून ओळीला तळटीप लागते. खेळाडूंनी मैदानावर मिळवले ते कागदावर उमटले नाही, किंवा कागदावर आहे ते मैदानावर पुरे झालेच नव्हते, असे या क्लबच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले आहे. म्हणून ही यादी नुसती चाळून चालत नाही. ती वाचावी लागते.

पहिली तळटीप १९१४-१५ ची. उत्तर इटलीच्या अंतिम फेरीत एकच सामना उरला होता. जेनोआ ७ गुणांवर, तोरिनो ५ गुणांवर, आणि शेवटचा सामना याच दोघांचा. विजयाला तेव्हा २ गुण असत. तोरिनो जिंकला असता तर बरोबरी झाली असती, आणि त्याच फेरीतल्या पहिल्या सामन्यात तोरिनोने जेनोआचा ६-१ असा धुव्वा उडवलेला होता. सामना २३ मे १९१५ ला व्हायचा होता. त्याच दिवशी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि फुटबॉल थांबला. युद्ध संपल्यावर विजेतेपद जेनोआला देण्यात आले. न खेळलेल्या सामन्याचा निकाल कोणालाच सांगता येत नाही. पण ६-१ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला तर तोरिनोकरांची हळहळ पटते.

त्या काळात क्लबचे तांत्रिक काम व्हित्तोरिओ पोत्झो पाहत असे. पुढे राष्ट्रीय संघाला १९३४ आणि १९३८ चे विश्वचषक जिंकून देणारा हाच तो पोत्झो. या कथेत तो आणखी एकदा येणार आहे.

विशीच्या दशकात क्लबची सूत्रे काउंट एन्रिको मारोने चिन्झानो यांच्याकडे आली, आणि १७ ऑक्टोबर १९२६ रोजी फिलाडेल्फिया मैदानाचे उद्घाटन झाले. संघाच्या आघाडीला बालोन्चिएरी, रोझेत्ती आणि अर्जेंटिनाहून आणलेला हुलिओ लिबोनात्ती असे त्रिकूट होते. इटालियन प्रेक्षक त्यांना ‘अद्भुत त्रिकूट’ म्हणत. १९२६-२७ मध्ये हा संघ अव्वल आला. क्लबचे ते पहिले विजेतेपद ठरायचे होते. पण मग बातमी फुटली की जूनमधल्या डर्बीआधी, म्हणजे युव्हेंटसशी होणाऱ्या शहरातल्या शहरात लढतीआधी, तोरिनोच्या एका पदाधिकाऱ्याने युव्हेंटसचा बचावपटू लुइजी आलेमान्दी याला पैसे देऊ केले होते. तोरिनोने तो सामना २-१ असा जिंकला होता. विचित्र भाग असा की आलेमान्दी त्या दिवशी युव्हेंटसकडून उत्तम खेळलेल्यांपैकी एक होता. महासंघाचा अध्यक्ष लेआन्द्रो आर्पिनाती याने विजेतेपद काढून घेतले. आर्पिनाती बोलोन्याचा फॅसिस्ट पुढारी, आणि दुसरे स्थान बोलोन्याच्याच संघाचे. ते विजेतेपद त्याने बोलोन्यालाही दिले नाही. आलेमान्दीवर आजन्म बंदी आली, नंतर ती उठली, आणि १९३४ मध्ये तो विश्वविजेत्या इटलीकडून खेळला. खेळाडूला माफी मिळाली. हंगामाला मिळाली नाही. इटालियन विजेत्यांच्या यादीत १९२६-२७ समोर आजही कोणाचे नाव नाही.

तोरिनोने उत्तर मैदानावर दिले. १९२७-२८ मध्ये संघ पुन्हा पहिला आला, लिबोनात्तीने ३५ गोल केले, आणि अधिकृत कागदावरचे पहिले विजेतेपद ते ठरले. पुढच्या हंगामात रोझेत्तीने ३६ गोल ठोकले, पण अंतिम लढतीत बोलोन्या सरस ठरला. मग त्रिकूट ओसरले. तिशीच्या दशकातले सुरुवातीचे हंगाम साधारण होते. १९३४-३५ मध्ये तर खालच्या श्रेणीत जाता जाता संघ वाचला. १९३५-३६ चा इटालियन चषक ही त्या दशकाची एकमेव मोठी मिळकत.

१९३९ मध्ये फेरुच्चो नोव्हो अध्यक्ष झाला. चामड्याच्या वस्तूंच्या व्यवसायातला हा माणूस तरुणपणी स्वतः तोरिनोत खेळलेला. फार चमकलेला नव्हता, पण दुसऱ्यातला खेळ ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती. जे पुढे ‘ग्रान्दे तोरिनो’, महान तोरिनो, म्हणून ओळखले गेले ते आभाळातून पडले नाही; नोव्होने ते हंगामागून हंगाम एकेक माणूस आणून उभे केले. आधी वारेझेहून तरुण फ्रांको ओसोला आला. मग युव्हेंटसने म्हातारा ठरवून सोडलेला गुल्येल्मो गाबेत्तो. इंग्लंडमधली तीन बचावपटूंची पद्धत इटलीत अजून नवखी होती, ती नोव्होने आपल्या संघात रुजवली. १९४१-४२ मध्ये संघ दुसरा आला, रोमापेक्षा ३ गुणांनी मागे. त्याच उन्हाळ्यात व्हेनेझियाहून मधल्या फळीतली जोडी एकदमच घेतली: एझिओ लोइक आणि व्हालेंतिनो मात्झोला.

१९४२-४३ चे विजेतेपद शेवटच्या दिवशी बारीत मिळाले. सामना १-० असा सुटला, गोल मात्झोलाचा, आणि दुसऱ्या आलेल्या लिव्होर्नोपेक्षा तोरिनो अवघ्या १ गुणाने पुढे. अंतिम सामन्यात व्हेनेझियाला ४-० असे हरवून इटालियन चषकही आला. साखळी आणि चषक एकाच हंगामात जिंकणारा तोरिनो हा इटलीतला पहिला क्लब.

मग युद्ध देशाच्या आत आले. १९४३-४४ मध्ये नियमित साखळी नव्हती. उत्तर इटलीपुरती स्पर्धा झाली. खेळाडूंना सक्तीची भरती टाळता यावी म्हणून त्यांना फियाट कारखान्याच्या नोकरीत दाखवले गेले आणि संघ ‘तोरिनो फियाट’ या नावाने उतरला. निर्णायक सामन्यात ला स्पेत्सिया शहरातल्या अग्निशामक दलाच्या संघाने त्यांना २-१ असे हरवले. देशातला सर्वांत बलाढ्य संघ बंब चालवणाऱ्यांकडून हरला, आणि महासंघाने नंतर त्या स्पर्धेला साखळीचा दर्जाच नाकारला. स्पेत्सियाला मानाचे विजेतेपद मिळायला २००२ साल उजाडले. कागदाचा हा फटका त्या वेळी तोरिनोच्या प्रतिस्पर्ध्याला बसला, एवढाच फरक.

युद्ध संपल्यानंतरचे चार हंगाम म्हणजे या इतिहासाचे शिखर. १९४५-४६ मध्ये तोरिनोने रोमाला रोममध्येच ७-० असे लोळवले आणि शेवटच्या दिवशी प्रो लिव्होर्नोविरुद्ध ९ गोल करून विजेतेपद मिळवले. १९४६-४७ मध्ये १०४ गोल झाले, त्यांतले २९ एकट्या मात्झोलाचे. युव्हेंटस १० गुणांनी मागे. ११ मे १९४७ रोजी तुरिनमध्ये इटलीने हंगेरीला ३-२ असे हरवले तेव्हा राष्ट्रीय संघातल्या अकरांपैकी दहा जण तोरिनोचे होते. अकरावा, गोलरक्षक सेन्तिमेन्ती, युव्हेंटसचा. १९४७-४८ चा हंगाम तर आकड्यांच्याही पलीकडचा. ४० सामन्यांत १२५ गोल, आलेस्सान्द्रियावर १०-० असा विजय, घरच्या २० पैकी १९ सामने जिंकले आणि एक बरोबरीत. दुसऱ्या स्थानावर तीन संघ होते, तेही १६ गुणांनी मागे. विजयाला दोनच गुण मिळत, त्या काळात १६ गुणांची आघाडी म्हणजे आठ विजयांचे अंतर.

या संघाची खरी ताकद बाकांवर बसलेल्यांना ऐकू येत असे. फिलाडेल्फियावर प्रेक्षक मैदानाच्या अगदी कडेला बसत. खेळाडूंची आपसातली हाक त्यांच्यापर्यंत पोचे. संघ रेंगाळू लागला की ओरेस्ते बोल्मिदा नावाचा रेल्वेतला नोकरदार सज्जातून उठे आणि रणशिंगासारखा बिगूल फुंके. तो सूर कानी पडला की कर्णधार मात्झोला जर्सीच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावे. एवढी एकच खूण. पुढची पंधरा मिनिटे समोरच्या संघाला श्वास घ्यायला मिळत नसे, आणि एका गोलने पिछाडीवर असलेला सामना तीन-चार गोलांनी फिरलेला असे. लोक त्याला ‘डाळिंबी पाव तास’ म्हणत. घरच्या मैदानावर १९४३ पासून सहा वर्षे हा संघ साखळीत हरला नाही.

संघाच्या जडणघडणीत आणखी एक नाव ठसठशीत आहे, ते एर्नो एगरी एर्बस्टाइन यांचे. हा हंगेरियन ज्यू प्रशिक्षक १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटलीतून बाहेर फेकला गेला. हंगेरीत तो नाझींच्या श्रमछावणीतून निसटून जगला आणि युद्धानंतर नोव्होने त्याला पुन्हा बोलावून घेतले. सामन्यापूर्वी अंग गरम करणे, पास देण्याचा शिस्तशीर सराव, खेळाडूच्या आहाराची काळजी, या गोष्टी त्याने संघाच्या अंगवळणी पाडल्या. जोडीला इंग्लंडचा लेस्ली लिव्हस्ली होता. ज्या देशात दहा वर्षांपूर्वी एर्बस्टाइनला राहू दिले नव्हते, त्याच देशाचा सर्वोत्तम संघ त्याच्या हाताखाली घडत होता. ग्रान्दे तोरिनोच्या कथेतला हा भाग जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

१९४८-४९ मध्ये ३० एप्रिलला इंटरशी ०-० अशी बरोबरी साधून तोरिनोने ४ गुणांची आघाडी टिकवली. सामने उरले चार. मग संघ लिस्बनला गेला. बेनफिकाचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेइरा याच्या सन्मानार्थ ३ मे रोजी मैत्रीपूर्ण सामना होता. तो बेनफिकाने ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर बार्सिलोनाला थांबून विमान तुरिनकडे निघाले. शहरावर ढग खाली उतरले होते, पाऊस होता, समोरचे दिसत नव्हते. ४ मे १९४९ रोजी संध्याकाळी ५ वाजून ३ मिनिटांनी फियाट जी-२१२ विमान सुपेर्गा टेकडीवरच्या बासिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळले. विमानातले ३१ जण गेले: १८ खेळाडू, एर्बस्टाइन आणि लिव्हस्ली, पदाधिकारी, विमानाचे कर्मचारी आणि तीन पत्रकार. त्या पत्रकारांत ‘तुत्तोस्पोर्त’ या दैनिकाचा संस्थापक रेनातो कासालबोरे होता. आल्दो आणि दिनो हे बाल्लारिन बंधू एकत्रच गेले. मृतांची ओळख पटवायला बोलावले ते व्हित्तोरिओ पोत्झोला. यांतल्या अनेकांना त्याने राष्ट्रीय संघात खेळवलेले होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तुरिनमध्येच राहिलेला बचावपटू साउरो तोमा आणि आजारपणामुळे न गेलेला नोव्हो, हे दोघे वाचले. अंत्ययात्रेला सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर होते.

साखळी मात्र संपायची होती. उरलेल्या चार सामन्यांत तोरिनोने आपला युवा संघ उतरवला. जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया आणि फिओरेंतिना या चौघांनीही समोर आपापले युवा खेळाडूच पाठवले. पोरांनी चारही सामने जिंकले, आणि अंतिम तक्त्यात तोरिनो ६० गुणांनी पहिला राहिला. यादीत ही ओळ ‘विजेता’ एवढ्या एका शब्दाची आहे. ते विजेतेपद कमावले एका संघाने आणि पुरे केले दुसऱ्याने. २६ मे रोजी अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट संघ अटलांटिक ओलांडून मृतांच्या कुटुंबांसाठी मदतीचा सामना खेळायला आला; त्यात तरुण आल्फ्रेदो दी स्तेफानोही होता. इटलीच्या क्लबांमधून जमवलेला ‘प्रतीक तोरिनो’ संघ त्यांच्याशी २-२ असा बरोबरीत राहिला. दोन क्लबांची ती मैत्री आजवर टिकली आहे. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या विश्वचषकाला इटलीचा संघ विमानाने न जाता जहाजाने गेला.

दरवर्षी ४ मे रोजी तोरिनोचा संघ सुपेर्गावर जातो आणि त्या वर्षीचा कर्णधार ३१ नावे मोठ्याने वाचतो. कर्णधार कधी सर्बियाचा असतो, कधी ब्राझीलचा, कधी दोन हंगामांपूर्वीच आलेला. नावे मात्र सगळी वाचली जातात.

पुढचा भाग पुस्तकांत सहसा दोन ओळींत गुंडाळतात. तसे होऊ नये, कारण क्लब म्हणून तोरिनोचा खरा कस इथे लागला. १९४९-५० मध्ये नव्याने गोळा केलेला संघ सहावा आला, हे त्या परिस्थितीत थोडे नव्हते. नंतर पैसा आटला, संघ तळाकडे सरकत गेला, आणि १९५८-५९ मध्ये इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत, सेरी बीमध्ये, घसरला. त्या हंगामात क्लबच्या नावापुढे ‘तालमोने’ या चॉकलेट कंपनीचे नाव जोडलेले होते. एका वर्षात संघ वर आला. १९६१-६२ मध्ये डेनिस लॉ आणि जो बेकर हे दोघे ब्रिटनहून आले, एक हंगाम खेळले आणि परतले.

१९६३ मध्ये ओर्फेओ पियानेल्ली अध्यक्ष झाला, नेरेओ रोक्को प्रशिक्षक, आणि १९६४ मध्ये जेनोआहून लुइजी मेरोनी आला. उजव्या बाजूचा हा खेळाडू लांब केस राखी, चित्रे काढी, स्वतःचे कपडे स्वतः रेखाटी. इंटर तीन वर्षे घरी हरलेला नव्हता. त्याच्या गोलजाळ्यात मेरोनीने चेंडू अलगद वळवून टाकला आणि ती मालिका मोडली. १९६७ च्या उन्हाळ्यात युव्हेंटसने त्याच्यासाठी ७५ कोटी लिरांची तयारी दाखवली तेव्हा तुरिनमध्ये चाहते इतके खवळले की सौदा रद्द करावा लागला. पण तो फार काळ लाभला नाही. १५ ऑक्टोबर १९६७ रोजी सांपदोरियावर ४-२ असा विजय मिळवल्यानंतर संध्याकाळी कोर्सो रे उम्बेर्तो हा रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेत तो गेला. वय २४. गाडी चालवणारा मुलगा तोरिनोचाच, मेरोनीचाच भक्त होता. पुढे २००० साली तोच क्लबचा अध्यक्ष झाला.

अपघातानंतरच्या रविवारी डर्बी होती. मेरोनीचा जवळचा मित्र नेस्तोर कोम्बिन तापात खेळला आणि त्याने तीन गोल केले. चौथा कारेल्लीने केला. मेरोनीची ७ क्रमांकाची जर्सी त्या दिवशी त्याच्या अंगावर होती. तोरिनो ४, युव्हेंटस ०. त्या हंगामाअखेर इटालियन चषक आला, १९७०-७१ मध्ये आणखी एक आला.

१९७१-७२ ही पुन्हा तळटिपेची ओळ. युव्हेंटस ४३ गुण, मिलान आणि तोरिनो ४२. त्या मोसमात सांपदोरियाविरुद्ध आग्रोप्पीने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषेच्या आतून बाहेर काढला गेला, असे तोरिनोकर आजही ठामपणे सांगतात. पंचांनी गोल दिला नाही. तो बाहेर काढणारा सांपदोरियाचा बचावपटू मार्चेल्लो लिप्पी, पुढे इटलीला विश्वचषक जिंकून देणारा प्रशिक्षक.

१९७५ मध्ये लुइजी रादिचे प्रशिक्षक झाला आणि क्लबला त्याचा दुसरा मोठा संघ मिळाला. डच संघांसारखे पुढे सरसावून चेंडू हिसकावणे इटलीत तेव्हा कोणी फारसे करत नव्हते. रादिचेने ते करून दाखवले. गोलात कास्तेल्लिनी, मधे पेच्ची, झाक्कारेल्ली आणि पात्रित्सिओ साला, कडेने क्लाउदिओ साला, आणि पुढे पाओलो पुलिची व फ्रांचेस्को ग्रात्सियानी. युव्हेंटस एका टप्प्यावर ५ गुणांनी पुढे होता. मग तो सलग तीन सामने हरला, त्यांतला एक तोरिनोशी. १६ मे १९७६ रोजी शेवटच्या दिवशी तोरिनोने चेझेनाशी घरी १-१ अशी बरोबरी केली, युव्हेंटस पेरुजात हरला, आणि सुपेर्गानंतर २७ वर्षांनी विजेतेपद आले. घरचे आधीचे चौदाही सामने संघाने जिंकले होते. पंधरावा बरोबरीत सुटला म्हणून सगळे शहर नाचत असताना रादिचे खट्टू झाला होता. त्या हंगामात पुलिचीचे २१ गोल होते आणि संघाचे ४५ गुण.

त्याच्या पुढचा हंगाम मात्र यादीत ‘दुसरे स्थान’ एवढाच दिसतो, आणि ही सगळ्यांत मोठी फसगत आहे. १९७६-७७ मध्ये तोरिनोने ३० सामन्यांत ५० गुण मिळवले. ६० पैकी ५०. फक्त एक पराभव, फक्त १४ गोल स्वीकारलेले, आणि ग्रात्सियानी २१ गोलांसह साखळीत अव्वल. युव्हेंटसने ५१ मिळवले. तिसरा आलेला फिओरेंतिना ३५ वर होता. विजेतेपदाच्या हंगामापेक्षा हा संघ ५ गुणांनी सरस खेळला आणि रिकाम्या हाताने परतला. ग्रान्दे तोरिनो वगळता क्लबचा सर्वोत्तम हंगाम कोणता, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर १९७६ नसून १९७७ आहे.

आठवे दशक संपता संपता धार बोथटली. १९८०, १९८१ आणि १९८२ असे सलग तीन वेळा इटालियन चषकाचे अंतिम सामने गमावले, पहिले दोन रोमाशी पेनल्टींवर. २७ मार्च १९८३ च्या डर्बीत ०-२ अशी पिछाडी असताना दोस्सेना, बोनेस्सो आणि तोर्रीझी यांनी चार मिनिटांच्या आत तीन गोल केले आणि सामना ३-२ असा जिंकला. १९८४-८५ मध्ये रादिचे परत आला, ब्राझीलचा जुनिओर मधल्या फळीत आला, आणि संघ व्हेरोनाच्या खालोखाल दुसरा राहिला. १९८९ मध्ये पुन्हा घसरण, १९९० मध्ये पुन्हा बढती.

१९९१-९२ मध्ये एमिलिआनो मोन्दोनिकोच्या संघाने साखळीत तिसरे स्थान मिळवले आणि युएफा चषकात रेआल माद्रिदला नमवून अंतिम फेरी गाठली. समोर आयाक्स. तुरिनमध्ये २-२, दोन्ही गोल कासाग्रांदेचे. १३ मे १९९२ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये तोरिनोचा चेंडू तीनदा गोलखांबांवर आदळला, शेवटचा सोर्दोने मारलेला, सामना संपायला काही क्षण उरले असताना. त्याआधी क्राव्हेरोला गोलक्षेत्रात पाडले तेव्हा पंचांनी पेनल्टी दिली नाही आणि मोन्दोनिकोने बाकाजवळची खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. ते छायाचित्र आज क्लबच्या चाहत्यांच्या घरोघरी आहे. सामना ०-० असा सुटला आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने चषक आयाक्सला गेला. तोरिनो त्या स्पर्धेची अंतिम लढत हरला नाही. चषक मात्र हरला. पुढच्याच वर्षी त्याच नियमाने उलट न्याय केला. जून १९९३ मध्ये इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत तोरिनोने घरी रोमाला ३-० हरवले, रोममध्ये रोमाने ५-२ असे परतवले, त्यात जान्नीनीच्या तीन पेनल्टी होत्या. एकूण ५-५, आणि सिलेन्झीने रोममध्ये केलेल्या दोन गोलांवर चषक तोरिनोचा.

त्या सुमारासच क्लबचा हिशेब बिघडत चालला होता. जानलुइजी लेंतिनी १९९२ मध्ये तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला मिलानला विकला गेला. शहरात दंगा झाला. १९९६ मध्ये घसरण. १९९८ मध्ये बढतीचा निर्णायक सामना पेरुजाकडून पेनल्टींवर गमावला. १९९९ वर, २००० खाली, २००१ वर, २००३ खाली. फिलाडेल्फिया मैदान दुर्लक्षाने खचले आणि १९९७ मध्ये पाडले गेले. या पडत्या काळातही ऑक्टोबर २००१ ची एक डर्बी होती. मध्यंतरापर्यंत ०-३, मग ३-३, आणि शेवटी युव्हेंटसला पेनल्टी. ती घेणारा सालास चेंडू ठेवायच्या आधी तोरिनोच्या रिक्कार्दो मास्पेरोने पेनल्टीच्या ठिपक्यावर बुटाने हळूच एक खड्डा केला. सालासचा चेंडू आडव्या खांबावरून गेला.

२००४-०५ हा कागदाने केलेला सर्वांत निर्दय घात. संघाने निर्णायक सामन्यांत पेरुजाला मागे टाकून पहिल्या श्रेणीत, सेरी आमध्ये, बढती मिळवली, मैदानावर, हक्काने. पण क्लबच्या डोक्यावर कर्जांचा डोंगर होता. हमीपत्रे खोटी पडली, नोंदणी नाकारली गेली आणि जुना क्लब दिवाळखोरीत गेला. दिवाळखोर क्लबांसाठीच्या नियमाच्या आधारे काही स्थानिक मंडळींनी नाव वाचवून सेरी बीत जागा मिळवली आणि २ सप्टेंबर २००५ रोजी उर्बानो काइरो मालक झाला. काही दिवसांत जमवलेला संघ त्याच हंगामात बढतीच्या निर्णायक लढतीत मान्तोव्हाविरुद्ध पहिला सामना २-४ असा हरून, दुसरा जादा वेळेत ३-१ असा जिंकून वर आला. २००६ ला क्लबला १०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा तो पुन्हा सेरी आमध्ये होता.

२००९ मध्ये एकदा घसरण, २०१२ मध्ये जांपिएरो व्हेन्तुराच्या हाताखाली पुन्हा बढती. २०१३-१४ मध्ये चिरो इम्मोबिले २२ गोलांसह साखळीत पहिला आला. युरोपा लीगची जागा शेवटच्या दिवशी फिओरेंतिनाविरुद्ध तोरिनोच्या चेर्चीने अखेरच्या मिनिटाला चुकवलेल्या पेनल्टीबरोबर गेली. मग पार्माचा परवाना थकलेल्या करामुळे नाकारला गेला आणि जागा तोरिनोकडे आली. कागदाने या क्लबला क्वचितच काही दिले. हे त्यांतले एक. तोरिनोने त्याचे चीज केले: २६ फेब्रुवारी २०१५ रोजी बिल्बाओच्या सान मामेसवर ३-२ असा विजय मिळवला, तिथे जिंकणारा तो पहिला इटालियन संघ. दोन महिन्यांनी, २६ एप्रिलला, वीस वर्षांत पहिल्यांदा डर्बी जिंकली.

त्यानंतरच्या ओळी वाचायला फार वेळ लागत नाही. बारावा, नववा, नववा. २०१८-१९ मध्ये ६३ गुणांसह सातवा. मग दोन हंगाम घसरणीच्या उंबरठ्यावर, सोळावा आणि सतरावा, त्यांत ०-७ असे दोन पराभव. पुढे दहावा, दहावा, नववा, २०२४-२५ मध्ये अकरावा. मे २०१७ मध्ये फिलाडेल्फिया नव्याने बांधून सरावासाठी खुले झाले, ही त्या वर्षांतली सर्वांत चांगली बातमी. हिशेब आता ठीक आहे, पगार वेळेवर होतात, घसरणीची टांगती तलवार नसते. दिवाळखोरी पाहिलेल्या क्लबला याची किंमत कळते आणि ती कमी लेखू नये. पण ज्या क्लबने मैदानावर मिळवण्याच्या भरात कागदाचे घाव सोसले, त्याने आता कागद सांभाळण्याच्या भरात मैदानावरची भूक सोडून द्यावी, हे बरोबर नाही. शेवटचे विजेतेपद १९७६ चे, शेवटचा चषक १९९३ चा. नोव्होने शून्यातून संघ उभा केला तेव्हा त्याच्यापाशी जगातला पैसा नव्हता, नजर आणि चिकाटी होती. क्लबच्या चालकांनी आधी तशी माणसे शोधावीत.